खोपोलीच्या थीम पार्कला पहिल्यांदा जाताना स्वस्त मुक्काम कसा शोधावा : कोकणातून निघणाऱ्यांसाठी

खोपोलीजवळचे इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झाले आणि तेव्हापासून कोकणातल्या घराघरांत दर सुट्टीला मुलांचा हट्ट आणि मोठ्यांचा हिशेब यांची झटापट चालू आहे. तिकिटाचा खर्च टळत नाही. मुक्कामाचा खर्च मात्र निम्म्यावर आणता येतो, पण त्यासाठी सगळीकडून मिळणारा ‘लोणावळ्याला राहा’ हा सल्ला आधी बाजूला ठेवावा लागतो. तो सल्ला मुंबई-पुण्याच्या माणसाने आपल्या सोयीने तयार केलेला आहे. गुहागर, दापोली, रत्नागिरी किंवा मालवणहून महामार्गाने वर येणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग शून्य. आमच्या गुहागरकडून मुले, भाचरे आणि शेजारीपाजारी यांना घेऊन मी ही वाट इतक्यांदा केली आहे की आता कोणी लोणावळ्याचे नाव काढले की मला राहवत नाही. अलिबाग-पेणकरांना तर मुक्कामाची गरजच नाही. त्यांनी सकाळी निघून रात्री घरी यावे आणि हा लेख इथेच सोडावा.

दिवस ठरवणे

थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे वेगळी असतात. पहिल्या भेटीत एकच निवडावे, शनिवार-रविवार टाळावा आणि मे महिना, दिवाळीची सुट्टी व नाताळचा आठवडा यांच्या नादी लागू नये.

नकाशा कसा वाचावा

पत्त्यात खोपोली असले तरी हे पार्क खोपोली गावात नाही. ते खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे आहे. पत्त्यातला ‘पाली’ हा शब्द बहुतेक जण वाचतात आणि सोडून देतात. कोकणवाल्याचा सगळा फायदा त्याच शब्दात आहे. मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, इंदापूर, कोलाड, सुकेळी खिंड असे येत वाकण फाट्यावर उजवीकडे वळले की नऊ-दहा किलोमीटरवर पाली लागते आणि तिथून परळी, जांभूळपाडा या बाजूने खोपोलीकडे सुमारे तीस किलोमीटर गेले की पार्क येते. म्हणजे पाली आपल्या वाटेवरच आहे. जातानाही आणि परततानाही.

याउलट लोणावळा घाटाच्या माथ्यावर आहे. खोली आरक्षित करण्याच्या ॲपवर ‘पार्कपासून इतके किलोमीटर’ असे जे छापलेले असते, ते पुष्कळदा नकाशावर पट्टी ठेवून मोजल्यासारखे सरळ रेषेतले अंतर असते. बोरघाट उतरून खाली येण्याचा रस्ता त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो, आणि सुट्टीच्या दिवशी घाटात वाहनांची रांग लागली की तासांचाही भरवसा राहत नाही. शिवाय तिथल्या खोलीचे भाडे थंड हवेच्या ठिकाणाचे असते. ज्याला दिवसभर पार्कमध्ये काढायचा आहे आणि रात्री फक्त पाठ टेकायची आहे, त्याने थंड हवेचे पैसे का मोजावेत, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. पार्कच्या आवारातच मोठे हॉटेल आहे. ते चांगले असेल, पण या लेखाचा विषय स्वस्त मुक्काम आहे.

शोधताना एक सावधगिरी बाळगावी. ॲपवर इंग्रजी अक्षरांत ‘महड’ आणि ‘महाड’ एकाच स्पेलिंगने येतात. वरदविनायकाचे महड खोपोलीच्या शेजारी आहे, तर चवदार तळ्याचे महाड पार्कपासून जवळपास शंभर किलोमीटर अलीकडे आहे. पालीचेही तसेच आहे. रत्नागिरीजवळ एक पाली आहे, हे रत्नागिरीकरांना सांगायला नकोच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पत्त्यात ‘तालुका सुधागड, जिल्हा रायगड’ आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

रेल्वेने येणाऱ्यांचा मार्ग निराळा आहे. त्यांनी पनवेलला उतरून एसटीने खोपोली गाठावी आणि खोपोली गावातच साधे लॉज पाहावे. पालीचा वळसा त्यांनी घेऊ नये.

पालीत स्वस्त का मिळते आणि केव्हा मिळत नाही

पाली हे बल्लाळेश्वराचे, अष्टविनायकांपैकी एक. त्यामुळे तिथली राहण्याची व्यवस्था यात्रेकरूंच्या खिशाला धरून उभी राहिली आहे : देवस्थानचे भक्तनिवास, देवळाच्या आसपासची लॉजेस आणि आपल्याच घराच्या दोन-तीन खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे. यात झगमगाट काही नसतो. चार माणसांची खोली, बादली-तांब्या, पंखा आणि भिंतीवर गणपतीचा फोटो. पण रात्रीच्या झोपेला याहून अधिक लागत नाही. यांतली पुष्कळशी ठिकाणे ॲपवर दिसतच नाहीत, म्हणून शहरी सल्लागारांना ती ठाऊक नसतात. भक्तनिवासात मद्य आणि मांसाहार चालत नाही आणि प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र मागतात. ज्यांना हे जड वाटते त्यांनी लॉजकडे वळावे, भक्तनिवासात जाऊन वाद घालू नये.

या गावाची गर्दी शाळेच्या सुट्टीपेक्षा पंचांगाप्रमाणे वाढते, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. संकष्टीला खोल्या कमी पडतात, अंगारकीला मिळतच नाहीत, भाद्रपद व माघातल्या उत्सवाच्या दिवसांत विचारूही नये. शनिवार-रविवार टाळायचा म्हणून मंगळवार निवडावा आणि नेमकी त्याच मंगळवारी अंगारकी निघावी, असे होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक नजर टाकायला काही लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळपासून अष्टविनायक यात्रेच्या बसगाड्या येऊ लागतात आणि एकेक बस एका दमात आख्खे लॉज भरते. बुधवार-गुरुवार सर्वांत निवांत. पावसाळ्यात जाणार असाल तर अंबा नदीच्या पुराची बातमी पाहून निघावे, कारण पूर आला की या बाजूची वाहतूक थांबू शकते.

फोनवर काय विचारावे

सगळी मेख इथे आहे. खोली स्वस्त पडते की महाग, हे भाड्याच्या आकड्यावर ठरत नाही. खोली सोडण्याच्या नियमावर ठरते. सुरुवातीला मीही फक्त ‘भाडे किती’ एवढेच विचारत असे आणि स्वस्त म्हणून घेतलेल्या खोलीचे दोन दिवसांचे पैसे मोजून परतत असे, कारण हा नियम कोणी आपण होऊन सांगत नाही.

खोली देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत तुम्ही ज्या वेळी शिरता तेव्हापासून चोवीस तास खोली तुमची असते. दुसरीत तुम्ही केव्हाही या, सकाळी ठरलेल्या वेळी, बहुतेक ठिकाणी दहा ते बाराच्या दरम्यान, खोली रिकामी करावीच लागते. आता पार्कचा दिवस डोळ्यांसमोर आणा. दार सकाळी जरा उशिराच उघडते, मुले संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला तयार नसतात आणि तिथून पालीला परतायला पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे दुपारी बाराला खोली सोडायची असेल, तर सकाळी आठलाच सामानासकट बाहेर पडावे लागते, बॅगा दिवसभर वागवाव्या लागतात, आणि रात्री भिजलेल्या, पेंगुळलेल्या मुलांना तोंड धुवायलाही जागा उरत नाही. मग माणूस दुसऱ्या दिवसाचे भाडे भरतो. चोवीस तासांची खोली मिळाली आणि आदल्या रात्री नऊच्या सुमारास तुम्ही तिच्यात शिरलात, तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत ती तुमचीच असते : सामान कुलपात राहते, परत येऊन आंघोळ होते, आणि भाडे एकाच दिवसाचे. म्हणून अशा ठिकाणी दुपारी तीनला पोहोचण्याची घाई करू नये. वाटेत माणगावला किंवा कोलाडला निवांत जेवून, उशिरानेच दार वाजवावे. नोंदवहीत शिरण्याची वेळ लिहिली जाते तेव्हा ती आपल्या डोळ्यांनी वाचावी. रात्री पावणेनऊला आलेल्या माणसासमोर ‘सायं. ६’ असे लिहिलेले मी पाहिले आहे आणि दुसऱ्या दिवशी त्या पावणेतीन तासांवरून झालेला वादही ऐकला आहे.

फोन साधारण असा होतो :

“भाऊ, बुधवारी रात्रीसाठी खोली आहे का? चार मोठे, दोन लहान.”

“आहे ना. या तुम्ही, भाड्याचं काय, तुमच्याकडून जास्त घेणार आहे का?”

या उत्तरावर समाधान मानून फोन ठेवणारा माणूस हमखास जास्त पैसे देतो. ‘बघू’ आणि ‘या तुम्ही’ यांना आकडा मानू नये. तिथेच, नम्रपणे पण न हलता, पुढचे विचारावे.

“तसं नको भाऊ, आत्ताच सांगा. खोली चोवीस तासांची की सकाळी सोडायची? गादी जादा लागली तर तिचे वेगळे का? आणि सगळं धरून किती?”

‘सगळं धरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सहा जणांना चौघांची खोली देऊन जादा गादीचे, पाच वर्षांवरील मुलाचे, एसीचे आणि गाडी लावण्याचे असे पैसे एकावर एक चढवले जातात आणि शेवटी दोन खोल्या घेतल्या असत्या तर बरे झाले असते, अशी वेळ येते. कराचेही आधीच विचारून घ्यावे. पक्के बिल मिळणार असेल, तर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने आकारणी झाली तर तिथेच दाखवून द्यावे.

गरम पाण्याचा प्रश्न फालतू वाटतो, पण विचारावा. पुष्कळ ठिकाणी छपरावरच्या सोलरचे पाणी असते आणि पहाटे काकडआरतीला जाणारे यात्रेकरू ते सातच्या आत संपवतात. गीझर असला तर त्याचे बटण खोलीत आहे की मालकाच्या टेबलामागे, हेही कळलेले बरे. संध्याकाळी परतल्यावर गरम पाणी मिळेल का, हा खरा प्रश्न आहे, कारण वॉटर पार्कमधून आलेल्या लहान मुलांना ते लागतेच.

सौदा करायचा असेल तर भाड्यावरून घासाघीस करण्यापेक्षा वेळेवरून करावी. आठवड्याच्या मधल्या दिवशी दोनशे रुपये कमी करायला मालक कुरकुरतो, पण ‘बाराऐवजी रात्री आठपर्यंत एक खोली ठेवू द्या, बाकीच्या बाराला सोडतो’ हे तो सहज मान्य करतो, कारण त्या दिवशी खोली तशीही रिकामीच राहणार असते. तेही नाही जमले, तर सामान कार्यालयात ठेवू द्या आणि परतल्यावर एक न्हाणीघर वापरू द्या, एवढे तरी मागावे. मी मागितले आणि नाही मिळाले, असे पालीत क्वचितच झाले आहे.

आगाऊ रक्कम

निम्म्याहून कमी द्यावी. पैसे पाठवल्यावर तारीख, खोल्या, माणसे, खोली सोडण्याची वेळ आणि एकूण रक्कम हे सगळे एका व्हॉट्सॲप संदेशात लिहून मालकाकडून ‘हो’ असे उत्तर मागवावे. भक्तनिवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि फोन क्रमांक चालवून पैसे उकळण्याचे प्रकार होतात, त्यामुळे शोधात वरच आलेल्या क्रमांकावर डोळे मिटून रक्कम पाठवू नये. नुकत्याच जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाच्या पावतीवरचा क्रमांक सर्वांत खात्रीचा. गावात अष्टविनायक करून आलेले कोणी ना कोणी असतेच. ओळखीचे कोणी सापडले नाही, तर भक्तनिवासाचा हट्ट सोडून लॉज पाहावे.

पोहोचल्यावर

आधार कार्ड टेबलावर ठेवण्याआधी खोली पाहावी. नळ सोडावा, पंखा लावावा, दाराची कडी आतून लागते का ते बघावे, उशीचा अभ्रा उचलून पाहावा. खोली पसंत नसेल तर ती आत्ताच बदलून मिळते. बॅगा उघडल्यावर मिळत नाही.

स्वतःची गाडी नसेल तर त्याच रात्री सकाळच्या वाहनाचे ठरवावे. पाली-खोपोली एसटी आहे आणि महिलांना तिकीट अर्धेच पडते, पण संध्याकाळच्या परतीच्या गाडीचा नेम पार्कच्या वेळेशी जुळेलच असे नाही. सहा-आठ जण असाल तर लॉजमालकाच्या ओळखीची मिनीडोर किंवा इको दोन्ही वेळांसाठी ठरवावी आणि चालकाचा क्रमांक मालकाकडून न घेता त्याच्या स्वतःच्या तोंडून घ्यावा. सकाळी देवळाजवळ पोटभर न्याहारी करून निघावे. पार्कमध्ये बाहेरचे खाणे चालत नाही आणि आतले परवडत नाही.

रात्री परतून आंघोळी उरकल्यावर महामार्गाला लागायचे की नाही, याचा निर्णय ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्यालाच घेऊ द्यावा. दिवसभर पाळण्यांत बसलेला माणूस कशेडी घाटापर्यंत जागा राहील, यावर मी तरी पैज लावणार नाही. दुसरी रात्र काढायचीच ठरली, तर त्याच मालकाला दुपारी तीनच्या आत फोन करून सांगावे, कारण त्यानंतर तो खोली दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.