साखळी सोडवल्यानंतरचं काम

हाल होणारे कुत्रे सोडवून त्यांना घर मिळवून द्यायच्या कामात येऊ पाहणारी मुलं मला बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच विचारतात, की कुत्रा पकडायचा कसा. पकडायला शिकता येतं. सोडवलेला कुत्रा पुढचे काही महिने राहणार कुठे, औषधपाण्याचा खर्च कोण करणार आणि शेवटी तो कुणाच्या दारात जाणार, याची उत्तरं आधी हवीत. ती नसतील तर सुरुवातीला एखाद्या जुन्या संस्थेत हाताखाली काम करा. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आहे. उपचारांसाठी मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच.

कानाला खाच असलेला, गल्लीत खाऊनपिऊन सुखात असलेला कुत्रा उचलून आणू नका. ती खाच नसबंदी झाल्याची खूण असते, आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार असा कुत्रा साधारणपणे त्याच भागात राहू द्यायचा असतो. मी सांगतेय ते मालक असूनही बेवारस झालेल्या कुत्र्यांबद्दल. बांधकाम संपल्यावर साइटवर मागे राहिलेले, बाल्कनीत दिवसरात्र बांधलेले, मुळशी-कर्जतच्या फार्महाऊसवर फक्त शनिवार-रविवारी माणूस बघणारे.

अशा कुत्र्याला रात्री गुपचूप सोडवून आणायचा मोह होतो. ते करू नका. कायद्याने तो मालकाचा आहे आणि चोरीची तक्रार तुमच्यावर येईल. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं, पुरेसं अन्नपाणी-निवारा न देणं, वाऱ्यावर सोडून देणं हे गुन्हे आहेत. फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये! या रकमेला कोण घाबरणार? म्हणून माझा अनुभव सांगते: भांडणापेक्षा गोडीने जास्त कुत्रे सुटतात. ‘काका, तुम्हाला जमत नसेल तर आम्ही त्याला चांगलं घर बघतो’ असं म्हटलं की माणसं बऱ्याचदा मोकळी होतात, कारण त्यांनाही तो नकोच असतो. मालकी सोडत असल्याचं सहीनिशी लिहून मात्र त्याच वेळी घ्या.

कुत्रा हाती आला की आधी मानेवर हात फिरवा. एका साइटवरच्या काळ्या कुत्रीच्या मानेभोवती वरून काहीच दिसत नव्हतं, फक्त कुजका वास येत होता. केस बाजूला केले तर पिल्लू असताना बांधलेली नायलॉनची दोरी मांसात रुतून बसलेली, वरून कातडी चढलेली आणि खाली अळ्या. अशी दोरी घरी ओढून काढायची नसते. भूल देऊन डॉक्टरच काढतात. आपण तोंडाला जाळी बांधून, अंगावर चादर टाकून तिला दवाखान्यापर्यंत शांतपणे न्यायचं, इतकंच.

हाडं दिसणारा कुत्रा बघून आपलं मन भरून येतं आणि आपण पातेलंभर चिकन-भात पुढे ठेवतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही, रक्तातले क्षार बिघडून जीवही जाऊ शकतो. पाणी द्या, आणि डॉक्टरांना विचारून थोडं थोडं, दिवसातून अनेकदा खायला घाला. हिरड्या पांढुरक्या असतील तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या.

घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्याला सुमारे दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. विशेषतः पिल्लांना. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी स्वच्छ धुऊन मग 30 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच घालून पुसावी लागते. स्वतःची रेबीजची लस कामाला लागण्याआधीच घ्या. लस झालेली असली तरी चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. पुढचे डोस तरीही लागतात.

आता सगळ्यात अवघड भाग, घर शोधणं. देखण्या पिल्लाच्या फोटोवर फोनांचा पाऊस पडतो, चार वर्षांच्या गावठी कुत्रीसाठी फोन वाजतच नाही. तरी थांबा. मी घरी जाऊन पाहिल्याशिवाय कुत्रा देत नाही. आई-बाबा, आजी, सगळ्यांशी बोलते, कारण दुपारी त्याला बाहेर नेणारी व्यक्ती बहुधा फॉर्म भरणारी नसते. भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती बघते. गावाला जाताना कुत्रा कुठे ठेवाल, हा प्रश्न विचारतेच. त्यावर लोक गडबडले की बरंच कळतं. ‘राखणीला हवाय, गेटपाशी बांधू’ म्हणणाऱ्याला मी नाही म्हणते, तो कितीही ओळखीचा असो. एका साखळीतून सोडवून दुसरीत बांधायला मी त्याला आणलेलं नसतं. नसबंदी झाल्यावरच कुत्रा द्यायचा, आणि जमलं नाही तर तो आमच्याकडेच परत येईल, रस्त्यावर नाही, हे करारात लिहून घ्यायचं.

नव्या माणसांना एक आवर्जून सांगा: पहिले काही दिवस तो जेवणार नाही, पलंगाखाली बसेल, जवळ गेलं तर गुरगुरेलही. त्याला ओढून बाहेर काढू नका, पाहुण्यांना दाखवू नका. घर आपलं वाटायला कुत्र्याला दोन-तीन महिने सहज लागतात.

आणि दिवाळीच्या तोंडावर कुत्रा कुणालाही देऊ नका. नव्या घरात, नव्या गल्लीत फटाक्यांना बिथरून तो पळाला तर त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. दिवाळी उलटू द्या, मग पट्ट्यावर नव्या घराचा आणि तुमचा, असे दोन्ही फोन नंबर कोरूनच त्याला पाठवा.