स्मिथ-फर्ग्युसन वाचायला घेताय? मग स्मिथच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'च्या तिसऱ्या भागापासून सुरू करा

ॲडम स्मिथ आणि ॲडम फर्ग्युसन, दोघेही अठराव्या शतकातले स्कॉटिश विचारवंत. कामं वाटून घेतली की उत्पादन वाढतं हे सांगणारं स्मिथचं टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण पाठ असेलच, ते सोडते. खरी अडचण त्याने सांगितलेल्या समाजाच्या चार टप्प्यांची आहे, शिकार, पशुपालन, शेती, व्यापार. मीही इथेच बरेच दिवस अडकले होते.

आपण ते शिडीसारखं वाचतो, खाली रानटी, वर व्यापारी, पोचलो की संपलं. तसं नाहीये हो! स्मिथ प्रत्येक टप्प्यावर विचारतो की इथे मालमत्ता म्हणजे काय आणि ती राखायला सरकार किती लागतं. शिकाऱ्याकडे साठवण्यासारखं काही नसतं म्हणून सरकारही जेमतेम. गुरं आली, कुणाकडे कळप, कुणाकडे काहीच नाही, की सरकार आलं, आणि मालमत्ता राखणारं सरकार खरं तर गरिबांपासून श्रीमंतांना वाचवायला असतं हे 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये (१७७६) स्मिथच लिहितो, मार्क्स नाही. हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं चुकतं, परत सांगते, प्रश्न मालमत्तेचा आहे, प्रगतीचा नाही.

म्हणून त्याच ग्रंथाचा तिसरा भाग आधी वाचा. तिथे लॉकीलचा कॅमेरॉन हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला सरदार भेटतो, वर्षाला पाचशे पौंडांच्या आत खंड, पण १७४५ च्या राजाविरुद्धच्या बंडात त्याने स्वतःची आठशे माणसं नेली. असे सरदार उत्पन्न आश्रितांना पोसण्यात घालवायचे, तीच त्यांची फौज. मग शहरातून चैनीच्या वस्तू आल्या, पैसा हिऱ्यांच्या बकलांवर जायला लागला, आश्रित सुटले आणि सत्ताही गेली. व्यापाऱ्याला फक्त माल खपवायचा होता, सरंजामशाही मोडायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

समरी व्हिडिओंवर विसंबू नका, त्यात सगळे स्कॉटिश लोक व्यापाराचे भाट वाटतात. आणि 'फर्ग्युसन नंतर बघ' म्हणणाऱ्या गाईडचं तर अजिबात ऐकू नका. डोंगराळ स्कॉटलंडची गेलिक भाषा बोलणारा, ब्लॅक वॉच या स्कॉटिश रेजिमेंटचा पाद्री राहिलेला हा माणूस १७६७ मध्ये बजावतो की कामं वाटली गेली, लढणंही पगारी सैन्यावर सोपवलं की माणूस नागरिक म्हणून पोकळ होतो. पाचव्या भागात स्मिथसुद्धा म्हणतो की जन्मभर दोन-चार सोप्या क्रिया करणाऱ्याची बुद्धी गंजते, म्हणून सरकारने स्वस्त शाळा काढाव्यात.

घाबरू नका, जमतं. याच मंडळीतल्या डेव्हिड ह्यूमचे १७५२ चे निबंध छोटे आहेत, चैनीवरचा आधी घ्या. आणि चार टप्पे अजूनही धूसर वाटले तर स्मिथच्या ग्लासगोच्या व्याख्यानांच्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या नोट्स छापलेल्या मिळतात, १७६२-६३ च्या, तिथे ते सरळ सांगितलेत.