जुन्या जिप्सीचा कार्ब्युरेटर बदला, पीयूसीही पास करा

मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. आधी ९७० सीसीचं इंजिन, १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ या मॉडेलमधलं १३०० सीसीचं, आणि एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) येईपर्यंत दोन्ही कार्ब्युरेटरवरच, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावरच, चालायची. अशी जुनी गाडी पीयूसीला नापास झाली की सगळा दोष कार्ब्युरेटरच्या माथी येतो. माझं म्हणणं एवढंच, की कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी नापासाची पावती नीट वाचा. बीएस-२ (प्रदूषणाचे ‘भारत स्टेज’ नियम) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. तो ठीक आहे आणि फक्त हायड्रोकार्बन चढलाय, तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय. अशा वेळी प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि व्हॉल्व्हची सेटिंग तपासा. एअर फिल्टर तर दोन्ही वेळेला पाहाच. टायमिंगही, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, याच टप्प्यावर लावून घ्या, कारण ते चुकीचं असेल तर नवा कार्ब्युरेटरही नीट ट्यून होणार नाही.

एवढं करूनही काळा धूर आणि काजळलेले प्लग कायम असतील तर कार्ब्युरेटर बघा. थ्रॉटलचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, दांडा बोटांत धरून हलवा. दांडा घट्ट असेल तर रिपेअर किट टाकून, जेट साफ करून भागतं. तो खडखडत असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि किटने ते बरं होत नाही, कार्ब्युरेटर बदलावाच लागतो. नवा घेताना तुमच्याच इंजिनाचा घ्या. मोठा बसवला की ताकद वाढते, हा मोह पीयूसीच्या मशीनपुढे महागात पडतो.

काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवून करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कुठलीही नळी किंवा वायर सुटी करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक व्हॅक्यूम पाइपवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा. मग एअर क्लीनर, अ‍ॅक्सिलरेटर केबल, चोक आणि पेट्रोलचे पाइप काढा. पाइपात उरलेलं पेट्रोल सांडतं, खाली डबा धरा. चार नट सोडून कार्ब्युरेटर उचलला की खालच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीच्या) तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा. आत पडलेला एक वॉशरही इंजिन खोलायला लावू शकतो.

जुनं पॅकिंग बोथट पत्र्याने खरवडा, अ‍ॅल्युमिनियमवर चरे पडू देऊ नका. नवं पॅकिंग टाकून नट आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा. पेट्रोलचे पाइप मात्र सरसकट नवे आणि इथेनॉलला टिकणारेच टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होतं.

मग इग्निशन नुसतं ऑन करा. कार्ब्युरेटरवर फ्युएल कट सोलेनॉइड (पेट्रोल बंद-चालू करणारी विजेवरची झडप) असेल तर बारीक ‘टक’ ऐकू येतं. ते आलं नाही तर वायर जोडायची राहिली आहे. अशी गाडी रेस दिली तर चालते, पाय काढला की बंद पडते. कोणीतरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडावा आणि थ्रॉटल झटकन मिटतो का, ते तुम्ही डोळ्यांनी पाहा. हे न पाहता गाडी रस्त्यावर काढू नका.

ट्यूनिंग पूर्ण गरम इंजिनावर, चोक पूर्ण उघडा आणि दिवे-ब्लोअर बंद ठेवून करा. मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलकेच आत टेकवा, जोर लावलात तर टोक बिघडतं. तिथून दोन-अडीच फेरे बाहेर घ्या आणि सावकाश फिरवत इंजिन सर्वात वेगात फिरेल ती जागा शोधा. मग थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन फिरायचा वेग, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा आणि हे पुन्हा एकदा करा. शेवटी मिक्स्चर स्क्रू अगदी किंचित आत घ्या, आयडलिंग जेमतेम उतरेल इतकाच. पेट्रोल थोडं कमी होतं आणि कार्बन मोनॉक्साइड खाली येतो.

ओळखीच्या सेंटरवर सायलेन्सरमध्ये मशीनची नळी न घालताच मिळणारं सर्टिफिकेट घेऊ नका; गाडीच्या मागे उभा राहणारा माणूस तोच धूर ओढत असतो. तपासणीला जाताना वीसेक मिनिटं गाडी चालवा आणि थेट रांगेत उभी करा. सायलेन्सरला भोक असेल तर ते आधी वेल्ड करून घ्या, नाहीतर बाहेरची हवा मिसळून आकडे खोटे येतात. दोन-तीन दिवसांनी इंजिन थंड असताना नट एकदा पुन्हा तपासा आणि पाइपाच्या जोडांवर बोट फिरवून पाझर बघा. एवढं सगळं करूनही हायड्रोकार्बन चढाच राहिला तर कॉम्प्रेशन तपासून घ्या, दोष व्हॉल्व्ह किंवा रिंगांत असू शकतो.