मखरासाठी कार्डशीटचं कमळ: या चुका टाळा

2018 च्या बंदीनंतर थर्माकोलचं मखर गेलं आणि कार्डशीटला भाव आला. पण कागद थर्माकोलसारखा सहनशील नाही. पाकळी लोळते, घडीवर पांढरी चीर दिसते, चिकटवलेला भाग फुगतो.

पहिली चूक कागद घेतानाच होते. 80 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स पेपर उभा राहत नाही आणि 300 जीएसएम वळवताना मोडतो. पाकळ्यांना 160 ते 180 जीएसएम घ्या, 300 फक्त खालच्या तबकडीला. आणखी एक बघा: कोपरा थोडा फाडा. आत पांढरा निघाला तर रंग वरवरचाच आहे, घडीवर तो हमखास फुटणार. आरपार रंगीत कागद चार पैसे महाग पडतो, पण तोच घ्यावा.

साधारण 25 सेंटिमीटरच्या कमळाला 12×6 सेंटिमीटरच्या 8 पाकळ्या, मग 9×5 च्या 8 आणि आत 7×4 च्या 6 लागतात. त्या मांडताना कागद वाचवायला काही उभ्या, काही आडव्या काढल्या की एकाच फुलात निम्म्या ताठ आणि निम्म्या मरगळलेल्या दिसतात. कारण ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा; ज्या बाजूने तो मुकाट वाकतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर ग्रेन असतो. पाकळीची लांबी ग्रेनच्या दिशेनेच हवी. म्हणजे मधली शीर स्वच्छ पडते आणि पाकळी स्वतःचं वजन पेलते.

खरी गोम या शिरेत आहे. कटरने शीर ओढली तर कागद अर्धा कापला जातो आणि दोनदा हाताळला की फाटतो. रिकामं बॉलपेन घ्या, खाली जुनं मासिक ठेवा आणि बुडापासून 2 सेंटिमीटर सोडून टोकापर्यंत किंचित वक्र रेघ दाबा. घडी रेघेच्या उलट बाजूला घाला, म्हणजे दाबलेली खाच बाहेरच्या अंगाला राहील. खाचेच्या आत दुमडलं की तंतू एकमेकांवर रेटले जातात आणि कड वेडीवाकडी होते. घडी पूर्ण मिटवूही नका. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून टोकाकडून बुडाकडे थोडी थोडी दाबत या. रेघ वक्र असल्यामुळे पाकळी आपोआप फुगीर होते. नखाने करकचून दाबलेली घडी सरळ होते, मग फुगीरपणा संपला. सोडलेल्या 2 सेंटिमीटरमध्ये चीर द्या, दोन्ही कडा 6-7 मिलिमीटर एकमेकांवर सरकवून चिकटवा. वाटीचा आकार येतो तो या चिरेमुळे. बरेच जण नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग कमळाऐवजी चक्री तयार होते.

फेव्हिकॉल थेट बाटलीतून ओतू नका. त्यातलं पाणी एकाच बाजूचे तंतू फुगवतं आणि कागद वाकडा होतो. कार्डशीटच्या पट्टीने पातळ थर ओढा, मिनिटभर थांबा, मग दाबा. भाद्रपदातल्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, त्यामुळे बाहेरची रांग किमान तासभर वाळू द्या आणि मगच पुढची लावा. दुसऱ्या रांगेतली पाकळी बाहेरच्या दोघींच्या फटीवर आली पाहिजे. कागदाचा गठ्ठाही प्लॅस्टिकच्या पिशवीत आडवा ठेवा. सर्दावलेल्या कागदावर शीर उमटत नाही, नुसती मळकट ओळ दिसते.

मागे दिवा लावायचा तर एलईडीच, तापणारा बल्ब नको. आणि आरतीचं ताट कुठवर फिरतं ते पाहूनच फुलाची जागा ठरवा.

तयार फुलातली एखादी पाकळी झुकलीच तर ती उपटू नका, बुडाचा कागद सोबत निघतो. त्याच कागदाची 1 सेंटिमीटर रुंद, 4 सेंटिमीटर लांब पट्टी मधोमध दुमडा, पाकळी आणि तबकडी यांच्यामध्ये मागून कंसासारखी चिकटवा आणि वाळेपर्यंत खाली कागदाचा बोळा टेकवून ठेवा.