खाडीवर लिहायचंय? आधी तिथी बघा

मराठीत एम.ए. करून मी ठाणे खाडीवर संशोधनाला बसले तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘हे साहित्य की पर्यावरणशास्त्र?’ दोन्ही, आणि थोडा इतिहासही. पर्यावरणीय मानव्यविद्या म्हणतात ते हेच. या नावाचा विभाग शोधत बसू नका. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, जिथे मार्गदर्शक मिळेल तिथे नाव घाला. ‘एन्व्हायर्न्मेंटल ह्युमॅनिटीज’ हे २०१२ मध्ये सुरू झालेलं नियतकालिक मोफत वाचता येतं. त्यातले चार-पाच लेख वाचा आणि थांबा. मी वर्षभर नुसतं वाचतच राहिले, ते वर्ष वायाच गेलं म्हणायचं.

बेलापूरजवळच्या कोळीवाड्यात पहिल्यांदा गेले ती रविवारी सकाळी नऊला. वही, रेकॉर्डर, संमतीपत्र, सगळं जय्यत. घरांना कड्या. ओट्यावरच्या एक आजी म्हणाल्या, “आता कोन गावनार तुला घरान?” चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. बाया चिखलात निवट्या नि चिंबोऱ्या धरत होत्या. हा हिशोब मला आजींनी बोटांवर शिकवला. तेव्हापासून मुलाखतीचा दिवस मी कालनिर्णय बघून ठरवते. (खाडीच्या आतल्या टोकाला पाणी जरा उशिरा पोचतं, तेवढी सवलत ठेवा.)

विषय निवडताना फ्लेमिंगोंचा मोह होईल. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, फोटोही सुंदर येतात. पण पक्ष्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० मध्ये आली, गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या शेतकरी आंदोलनात पाच जणांचा गोळीबारात बळी गेला. तेव्हा गेलेल्या जमिनींत खाऱ्या पाण्याला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेली भातशेतीही होती. त्या बांधांवर कोणी लिहिणार आहे का?

मी तेच घेतलं. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये ‘शिलोत्री’ शब्द भेटतो: बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या जमिनीची एक जुनी धारापद्धत (शेतसाऱ्याची पद्धत). गावात विचारलं तर तो शब्द कोणालाच माहीत नव्हता. मात्र बांधातली ‘उघाडी’ म्हटल्याबरोबर तीन म्हातारे एकदम बोलायला लागले. म्हणून कागद आधी वाचा, पण गावात जाताना प्रश्नावली कागदावरच्या शब्दांत नेऊ नका. उलटही सांगते: आठवणीतला ‘मोठ्या उधाणाचा साल’ प्रत्येकाचा वेगळा निघतो, तो कागदाशी ताडून घ्या.

आणि लिहिलेलं परत जाऊन वाचून दाखवा. हे फार कमी जण करतात. ‘उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा’ असं मी लिहिलं होतं. आजींनी तिथेच अडवलं. “दरवाजा मानूस उघडतो. हिला पानीच उघडतं, पानीच लावतं.” खरंच आहे: ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बसवतं.

ते वाक्य मी प्रकरणात जसंच्या तसं, आगरीतच ठेवलं. मसुदा परत आला तेव्हा त्याखाली लाल रेघ होती आणि बाजूला शेरा: ‘प्रमाणभाषेत आणा.’ तळटीप जोडली, वाक्य हलवलं नाही.