दोन परंपरांचं लग्न एकत्र कसं लावायचं

दोन वेगळ्या परंपरांतल्या जोडप्याचं लग्न तुम्हाला लावायचंय, तर विधींच्या आधी सह्यांचं बघा. इंग्लंडमध्ये स्वतंत्र सेलिब्रंटने, म्हणजे लग्नाचा सोहळा चालवणाऱ्या व्यक्तीने, लावलेलं लग्न कायदा धरत नाही, नोंदणी वेगळी करावी लागते, ऑस्ट्रेलियात अधिकृत सेलिब्रंट असेल तर चालतं पण नोटीस किमान १ महिना आधी हवी, भारतात १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करायचं तर ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार. हे मार्गी लागलं की डोकं शांत राहतं.

मग दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा, कुठला विधी झाला नाही तर तुला लग्न झाल्यासारखं वाटणारच नाही? हाच प्रश्न दोन्हीकडच्या आईवडिलांनाही विचारा. उत्तरं बहुतेक वेळा दोनतीनच विधींवर येऊन थांबतात आणि तेवढेच घ्यायचे. त्यांचे चार तर आमचेही चार, असं मोजायला बसलात की सोहळा लांबतो आणि कोणाचंच मन भरत नाही.

आता माझं ठाम मत. विधी शेजारी शेजारी ठेवा, एकमेकांत कालवू नका. सप्तपदीची पावलं ७ आणि ज्यू लग्नातले आशीर्वादही ७, त्यामुळे प्रत्येक पावलाला एक आशीर्वाद वाचू असं सगळ्यांनाच सुचतं, ऐकायला छान वाटतं पण करताना दोन्ही अर्धवट होतात. आधी सप्तपदी पूर्ण होऊ द्या, ज्यांना ती येते त्यांच्याकडूनच, मग आशीर्वाद, आणि ज्यू लग्नातलं पायाने काच फोडणं अगदी शेवटी, कारण त्यानंतर जो जल्लोष होतो त्यात पुढचं काहीच कोणाला ऐकू येत नाही. काही गोष्टी मात्र स्टेजवर उचलून आणताच येत नाहीत. आनंद कारज म्हणजे शिखांचा लग्नविधी गुरू ग्रंथ साहिबांच्या समोरच होतो, ४ लावां म्हणजे फेरे त्यांच्याभोवतीच घेतात, तो वेगळाच करा. चिनी चहाचा विधी घरच्या मोठ्यांसाठी असतो, प्रत्येकाला चहा द्यायचा, आशीर्वाद घ्यायचा, याला वेळ लागतो म्हणून तो सकाळी घरच्यांपुरता केला की निवांत होतो.

क्रम ठरला की तो एकदा पायांनी चालून बघा, कागदावर न दिसणारं सगळं तेव्हाच कळतं. सप्तपदी अनवाणी आणि काच बुटाने फोडायची, म्हणजे मधे बूट घालायला वेळ आणि बूट हाताशी हवेत, काच कापडात घट्ट गुंडाळलेली हवी. हुप्पा म्हणजे ज्यू लग्नातला कापडाचा मांडव, त्याखाली होम पेटवायचा नाही, दोन्हीच्या जागा लांब ठेवा आणि अग्नी चालतो का हे हॉलवाल्यांकडून लेखी घ्या.

पाहुण्यांना विधीच्या आधी दोन वाक्यांत सांगा की आता काय होतंय आणि का, विधी चालू असताना कॉमेंट्री अजिबात नको, मंत्र म्हणजे मंत्रच ऐकू यायला हवेत. निम्म्या लोकांसाठी ते नवीन असतं आणि उरलेल्या निम्म्यांसाठी ते अख्ख्या आयुष्याचं असतं, दोघांचाही मान राखला जायला हवा.

नावांचे उच्चार घरच्यांकडूनच रेकॉर्ड करून घ्या, रोज ऐकून जिभेवर बसवा. मोठ्यांची आणि हयात नसलेल्यांची नावं घ्यायची असतील तर ती मोठ्या अक्षरात कागदावर लिहून हातात ठेवा, मोबाइलवर नको, भर उन्हात स्क्रीन दिसत नाही.