प्रश्नावली आधी मार्केट यार्डात तपासा

माझ्या पीएचडीचा विषय होता, सांगलीतले हळद व्यापारी मोबाइल ॲप का वापरतात आणि का टाळतात. मॉडेल कागदावर देखणं होतं. घोटाळा निघाला मोजमापात.

पहिली चूक भाषांतराची. लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात हे मोजणारी, संशोधक डेव्हिस यांची १९८९ ची 'उपयुक्तता' आणि 'सोपेपणा' ही मापं, म्हणजे प्रश्नसंच, मी एका रात्रीत मराठीत उतरवली. यार्डातले एक अडते काका म्हणाले, "अहो, सोपं आहे म्हणूनच उपयोगाचं आहे की! दोनदा काय विचारताय?" तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. तेव्हा आधी पाच-सहा जणांना प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा, काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत ऐका.

मग आकडे. लोडिंग (प्रश्न आपल्या संकल्पनेशी किती घट्ट जोडलेला आहे) साधारण ०.७ च्या वर, एव्हीई (प्रश्नांच्या उत्तरांतल्या फरकाचा सरासरी किती वाटा संकल्पनेमुळे येतो) ०.५ च्या वर हवा. दोन संकल्पना खरंच वेगळ्या आहेत का, हे एचटीएमटी या आकड्यावरून बघा, तो ०.८५, फार तर ०.९० च्या आत हवा. माझा त्यापुढे गेला. अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) मात्र झकास! एकच प्रश्न चार वेळा फिरवून विचारला की अल्फा वाढतोच, त्यावर भाळू नका.

वीज, नेटवर्क, स्मार्टफोन मिळून 'सुविधा' घडते. अशा घडवणाऱ्या प्रश्नांतून नेटवर्क गाळलंत तर संकल्पनाच बदलते. तिथे अल्फा नको, व्हीआयएफ (प्रश्न एकमेकांचंच सांगत नाहीत ना, हे दाखवणारा आकडा) तपासा.

आणि मत व वापर एकाच बैठकीत विचारू नका. मी विचारलं, चहा येईपर्यंत निम्म्यांनी प्रश्न न वाचताच सरसकट '४' या एकाच पर्यायावर खुणा केल्या होत्या.